एसी लावला की 'घूंऽऽ' असा आवाज – कॉम्प्रेसर खरंच गेलाय का?

संथगती
नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल, सात वर्षं जुनी. हल्ली एसी लावला की डॅशबोर्डच्या मागून कुठून तरी 'घूंऽऽ' असा जाडसर आवाज येतो. एसी बंद केला की गायब. हवा मात्र व्यवस्थित थंड येते. वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी बोनेट उघडलं, एसी दोनदा चालू-बंद केला, कान दिला आणि "कॉम्प्रेसर गेला, बदलावा लागेल" म्हणून मोकळे झाले. गेज लावलं नाही की काही उघडून पाहिलं नाही. कॉम्प्रेसर बदलणं म्हणजे किरकोळ काम नव्हे, म्हणून विचारतोय. नुसत्या आवाजावरून असं छातीठोक सांगता येतं का? आणि मला स्वतःला काय तपासता येईल? हात बऱ्यापैकी चालतो, हत्यारं बेताची आहेत.

उंटावरून
सात वर्षं म्हणजे कॉम्प्रेसरचं वय झालंच की. एसी लावल्यावर येतो, बंद केल्यावर जातो, मग दुसरं काय असणार? बदलून टाका आणि सुटा.

तेलकट_हात
उंटावरून, जरा खाली उतरा. एसी लावल्यावर गाडीत एकटा कॉम्प्रेसर चालू होत नाही. ब्लोअर फिरतो, कंडेन्सरचा (गरम गॅस गार करणाऱ्या पुढच्या जाळीचा) पंखा लागतो, पट्ट्यावर भार येतो, पाइपांमधला दाब चढतो, इंजिनाचं आयडलिंग बदलतं आणि त्यामुळे माउंटवरचा ताणही बदलतो. यातलं काहीही ओरडू शकतं.

संथगती, आवाज कुठून येतो याचा नाद सध्या सोडा. फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), धातूचे पाइप, डॅशबोर्डचं प्लॅस्टिक सगळं आवाज वाहून नेतं, त्यामुळे बसलेल्या माणसाला लागणारा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. आवाज केव्हा येतो ते पकडा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी इंजिन बंद, चावी नुसती 'ऑन'ला. ब्लोअर पहिल्यापासून शेवटच्या स्पीडपर्यंत न्या. या वेळी पट्टा, पुली, कॉम्प्रेसर काही म्हणजे काही फिरत नसतं. जे ऐकू येईल ते ब्लोअरचं किंवा डक्टमधल्या झडपांचं. (कंडेन्सरचा पंखा काही गाड्यांत असाही लागतो, तेवढं ध्यानात ठेवा.)

मग इंजिन सुरू करा, एसी आणि ब्लोअर दोन्ही बंद. आता पट्टा कॉम्प्रेसरची पुली फिरवतोय, पण कॉम्प्रेसरचा क्लच (पुली आतल्या शाफ्टला जोडणारा-सोडणारा भाग) सुटलेला असल्यामुळे आतला शाफ्ट थांबलेला आहे. या अवस्थेत खरखर किंवा गुरगुर असेल तर पुलीचं बेअरिंग, नाहीतर त्याच पट्ट्यावरचे टेन्शनर, आयडलर, अल्टरनेटर, वॉटर पंप यांपैकी कुणी तरी. कॉम्प्रेसरच्या आतल्या भागाचा इथे संबंध नाही.

त्यानंतर एसी लावा, ब्लोअर अगदी कमीवर. बोनेट उघडं ठेवलंत तर क्लच बसल्याचा 'टक्' ऐकू येईल. तो आवाज व्हायलाच हवा. तुमचा 'घूंऽऽ' त्या टक्बरोबर सुरू होतो आणि क्लच सुटला की त्याच क्षणी थांबतो का, हे बघायचं.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आवाज चालू असताना हळूहळू रेस वाढवा. आवाज आरपीएमबरोबर चढत जातो, की एका ठरावीक आरपीएमला जोरात येऊन पुढे नाहीसा होतो? हे लिहून कळवा.

बोनेट उघडं असताना ओढणी, मफलर, सैल बाही, गळ्यातली साखळी काहीही लोंबतं नको. इलेक्ट्रिक पंखा कधीही न सांगता लागतो.

पुलीवाला
काकांच्या प्रतिसादाला एक पुरवणी. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच नसतोच. कॉम्प्रेसरचा शाफ्ट पट्ट्याबरोबर कायम फिरत असतो आणि आतल्या तिरप्या तबकडीचा कोन बदलून काम कमी-जास्त होतं. त्याला व्हेरिएबल डिस्प्लेसमेंट म्हणतात, कोन बदलायला इलेक्ट्रॉनिक कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. अशा गाडीत 'टक्' येणारच नाही, आणि एसी बंद असतानाही कॉम्प्रेसरच्या आतलं बेअरिंग बोलू शकतं. म्हणजे काकांची दुसरी पायरी तिथे तितकीशी निर्णायक ठरत नाही. आधी बोनेट उघडून पुलीच्या तोंडाकडे नीट बघा. एसी बंद असताना मधली चकती स्थिर आणि बाहेरची पुली फिरतेय, तर क्लच आहे.

खिडकीपाशी
चालत्या धाग्यात घुसतेय, माफ करा. माझ्या गाडीत पंख्याचा स्पीड वाढवला की टरटर वाढते, सायकलच्या चाकात पत्ता अडकवल्यासारखी. एसी असो वा नसो, इंजिन बंद असलं तरी येते. हेही कॉम्प्रेसरचंच का?

तेलकट_हात
ताई, तुमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. इंजिन बंद असताना येतो म्हणजे ब्लोअर. त्याच्या पिंजऱ्यासारख्या चाकात पान, काडी, टिश्यूचा तुकडा असं काही तरी अडकलंय. बाहेरची हवा काचेखालच्या जाळीतून आत येते, तिथून पानं ओढली जातात. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचा कप्पा बहुतेक गाड्यांत दोन्ही बाजूंनी दाबला की खाली येतो, मागे केबिन फिल्टर दिसेल. फिल्टर काढून मोबाइलचा टॉर्च मारा. फिल्टर कुरतडलेला दिसला, कापसाचे पुंजके दिसले तर उंदीर राहून गेलाय असं समजा, आणि हातमोजे व मास्क लावल्याशिवाय आत हात घालू नका.

पान सापडलं नाही आणि आवाज टरटर नसून बारीक चिवचिव असेल, विशेषतः थंडीत, कमी स्पीडला किंवा वळण घेताना, तर मोटरचं बुश कोरडं पडलंय. त्यात तेल सोडून थोडे दिवस निघतात, पण पुन्हा येतो. मोटर बदलणं हाच इलाज.

संथगती
तेलकट काका, सांगितलंत तसं केलं. इंजिन बंद ठेवून ब्लोअर: स्वच्छ, फक्त वाऱ्याचा आवाज. इंजिन चालू, एसी बंद: काही नाही, रेस दिली तरी नाही. पुलीवाला, माझ्या गाडीत क्लच आहे, मधली चकती स्थिर दिसली. एसी लावला की टक्, आणि पाठोपाठ घूंऽऽ. क्लच सुटला की बंद.

आता मजा बघा. आयडलिंगला आवाज हलका. १५०० पासून वाढायला लागतो, १८०० च्या आसपास इतका की स्टिअरिंग हाताला गुणगुणतं. २३०० नंतर जवळपास नाहीच. ३००० ला एकदम शांत.

उंटावरून
बघा, एसी लावल्यावरच येतो. मी म्हटलं होतं.

तेलकट_हात
अहो, उलट यातून कॉम्प्रेसरवरचा संशय कमी झाला. आतलं बेअरिंग किंवा पिस्टन घासत असेल तर आवाज आरपीएमबरोबर चढत जातो, ३००० ला तर कान किटतील. मध्येच चढून पुढे विरणारा आवाज म्हणजे अनुनाद. कॉम्प्रेसरची नेहमीचीच थरथर कुठल्या तरी सैल किंवा टेकलेल्या भागाला बरोबर त्याच्या सुरात सापडतेय.

पुलीवाला
थोडं गणित करतो, मला राहवत नाही. सात पिस्टनचा कॉम्प्रेसर धरा, आणि त्याची पुली इंजिनाच्या पुलीपेक्षा लहान असल्यामुळे तो इंजिनाच्या साधारण १.३ पट फिरतो असं धरा. इंजिन १८०० ला असताना कॉम्प्रेसर २३४० ला, म्हणजे सेकंदाला ३९ फेरे. प्रत्येक फेऱ्यात सात ठोके, म्हणजे सेकंदाला २७३. हा थेट ऐकू येणारा खर्जातला 'घूं' आहे. आकडे गाडीगणिक बदलतील, पण जात तीच. गॅसच्या पाइपमध्ये दाबाचे हे ठोके कायम चालू असतात. ते केबिनपर्यंत पोहोचू नयेत म्हणून पाइपाला मध्ये रबरी होजचा तुकडा असतो आणि क्लॅम्पखाली रबर असतं. ते रबर गेलं की तुम्हाला डॅशबोर्डमध्ये ऐकू येतं, कारण पाइप फायरवॉलमधूनच कूलिंग कॉइलकडे जातात.

शंकेखोर
सगळं ठीक, पण हा आवाज 'हल्ली' का सुरू झाला? त्याआधी एसीचं काही काम झालं होतं का? गॅस भरला होता का?

संथगती
हो. त्याच वर्कशॉपने सर्व्हिसिंगच्या वेळी "गॅस थोडा कमी वाटतो" म्हणून टॉप-अप केला होता. आवाज त्यानंतरचाच, पण लगेच सुरू झाला की हळूहळू, ते नक्की सांगता येणार नाही.

शंकेखोर
कसा भरला? मशीनवर वजन करून की गेजचा काटा बघून?

संथगती
निळ्या-लाल नळ्यांचं गेज आणि डबा. वजनकाटा दिसला नाही.

शंकेखोर
मग मला तिथेच पाणी मुरतंय असं वाटतं. एसी बंद असताना गेजवर दिसणारा दाब गॅस किती आहे हे सांगतच नाही. गॅस आर-१३४ए जातीचा असेल आणि तापमान ३० अंश असेल, तर आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असला तरी काटा साधारण ९७ पीएसआयवरच थांबणार, एसीत १०० ग्रॅम असो की ५००. चालू एसीचा दाबही बाहेरचं तापमान, आरपीएम, कंडेन्सरवरून जाणारी हवा यांप्रमाणे हलतो. म्हणून योग्य रीत एकच: सगळा गॅस मशीनने काढून घ्यायचा, व्हॅक्यूम करायचा आणि बोनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढेच तोलून भरायचे. जास्त भरला की उच्च दाबाची बाजू चढते, कॉम्प्रेसरला जोर लागतो, ठोके जड होतात. फार जास्त झाला तर न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरतो आणि मग खडखडाट ऐकू येतो. त्यात व्हॉल्व्हच्या पट्ट्या तुटतात.

आणि 'गॅस कमी वाटतो' म्हणजे काय? गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झालाय तर गळतोय. आधी गळती शोधा. जोडाशी तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते, नाहीतर यूव्ही डाय (अतिनील दिव्यात चमकणारा रंग) सोडून किंवा नायट्रोजनचा दाब देऊन तपासता येते.

उंटावरून
गळती असेल तर लीक-स्टॉपचा डबा मिळतो की. सोडा आत, पाच मिनिटांचं काम.

पुलीवाला
कृपया नको. तो चिकट पदार्थ एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलच्या तोंडाशी गॅसचा दाब पाडणारी बारीक वाट) बुजवू शकतो, आणि गॅस काढून घेणाऱ्या मशीनमध्ये गेला की मशीन खराब होतं. तो घातलाय असं कळलं तर काही जण गाडीला मशीन लावायलाच नकार देतात. बरोबरच आहे त्यांचं. दुसरं, काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा वेगळा गॅस असतो. त्याचे पोर्ट मुद्दाम वेगळ्या मापाचे ठेवलेत, एकात दुसरा जाऊ नये म्हणून. ॲडॉप्टर लावून 'काय फरक पडतो' करणारे असतात, त्यांच्यापासून लांब राहा.

वायरमन
माझाही एक आवाज घ्या. गाडी सुरू केली की डॅशबोर्डच्या मध्यातून टक्-टक्-टक्-टक्, काही सेकंद, मग बंद. तापमानाची खुंटी थंडकडून गरमकडे फिरवली की पुन्हा.

तेलकट_हात
ब्लेंड डोअरचा ॲक्च्युएटर. थंड आणि गरम हवा किती मिसळायची ते ठरवणारी झडप असते, ती फिरवणारी इवलीशी मोटर. आतल्या प्लॅस्टिकच्या गिअरचा दात तुटला की गिअर त्याच जागी घसरत राहतो. गाडी सुरू करताना कंट्रोल युनिट झडपांची टोकं तपासतं, म्हणून तेव्हा हमखास येतो. खुंटी फिरवून आला तर तापमानाचा, हवेची दिशा बदलताना आला तर मोडचा, आतली-बाहेरची हवा बदलताना आला तर रिसर्क्युलेशनचा. आवाज बंद पडला आणि हवा एकीकडे थंड, दुसरीकडे गरम यायला लागली की समजा गिअर पुरता गेला. भाग लहान असतो, पोचायला मात्र काही गाड्यांत अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. एक बघून ठेवा: बॅटरी काढून लावल्यानंतर एकदाच टकटक झाली तर ते कॅलिब्रेशन असू शकतं, बिघाड नव्हे.

खिडकीपाशी
पान सापडलं! खरं तर पान नाही, केबिन फिल्टरचंच स्टिकर सुटून आत गेलं होतं. बाहेर ओढल्याबरोबर टरटर बंद. आता लोभ सुटलाय, अजून एक विचारते. गाडी बंद केल्यावर थोडा वेळ 'सुऽऽ' येतो, आणि कधी कधी चालवताना डॅशबोर्डमागे पाणी वाहिल्यासारखं. दोन्ही एकच का?

तेलकट_हात
पहिल्याची काळजी नको. कॉम्प्रेसर थांबला की उच्च दाबाचा गॅस एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून कमी दाबाकडे जातो, दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत सुसकारतो. हाच 'सुऽऽ' एसी चालू असताना सतत आणि मोठा ऐकू यायला लागला, सोबत थंडावाही घटला, तर गॅस कमी आहे. व्हॉल्व्हपाशी नुसता द्रव पोचायला हवा, तिथे वाफ मिसळून येतेय. त्याच सुमारास क्लचची टक्-टक् वारंवार व्हायला लागते, कारण दाब घसरला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडतो, चढला की जोडतो.

पाण्याचं मात्र नीट बघा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर डॅशबोर्डमागे खळखळ होत असेल तर ते बहुधा एसीचं नाहीच, हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये हवा शिरलीय. म्हणजे कूलंट कमी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीतली पातळी बघा. कमी असेल तर कुठे जातंय ते शोधा. इंजिन तापण्याआधीची ही सूचना असते, दुर्लक्ष करू नका. आणि वळणावर किंवा ब्रेक मारताना डबकं हलल्यासारखं वाटत असेल, पायाखालचा गालिचा ओलसर असेल, तर कूलिंग कॉइलच्या पाण्याची नळी तुंबलीय. एसी लावून उभ्या गाडीखाली पाणी ठिबकायला हवं. दमट हवेत ठिबकत नसेल तर नळी बघा.

संथगती
अपडेट. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पाइपांच्या मागे लागलो. कॉम्प्रेसरला जोडलेला जाड पाइप (हात लावला तर थंड लागतो, म्हणजे परतीचा ना?) फायरवॉलजवळ एका पत्र्याच्या पट्टीने धरलेला आहे. त्या पट्टीतला रबराचा तुकडा जागेवर नाही. पाइप थेट पत्र्याला टेकलाय. टेकलेल्या ठिकाणी ॲल्युमिनिअम नखाएवढं चकचकीत झालंय, भोवती काळी भुकटी. इंजिन बंद करून, गार झाल्यावर पाइप आणि पत्र्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा दुहेरी तुकडा सरकवला. एसी लावून १८०० वर धरलं. आवाज जवळजवळ गेला, पण कान देऊन ऐकलं तर थोडा उरलाय.

तेलकट_हात
वा! ट्यूब तपासापुरती ठीक. उष्णतेने आणि तेलाने ती मऊ पडेल, कायमचा रबरी अस्तराचा क्लॅम्प लावून घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या चकचकीत जागेवरून नख फिरवा. खळगा लागत असेल तर पाइपाची भिंत झिजलीय. तिथे आज ना उद्या भोक पडणार आणि सगळा गॅस एका दमात जाणार, तेव्हा पाइप बदलायला लावा. नुसती पॉलिश झाली असेल तर चालेल.

संथगती
खळगा लागत नाही. आता शंकेखोरांचा मुद्दा. दुसऱ्या ठिकाणी मशीनवर गॅस काढायला लावला. स्टिकरवर ४५० ग्रॅम, मशीनने काढले ५६०. व्हॅक्यूम करून तोलून ४५० भरले, क्लॅम्पही तिथेच बसवून घेतला. 'घूंऽऽ' संपूर्ण गेला.

शंकेखोर
११० ग्रॅम जास्त! म्हटलं नव्हतं? मूळ कारण गॅसच.

तेलकट_हात
मूळ कारण म्हणता येणार नाही. रबर सरकवल्यावर गॅस तेवढाच असताना आवाज जवळजवळ गेला होता, हे विसरू नका. रबर जागेवर असतं तर जादा गॅस गपचूप राहिला असता.

शंकेखोर
आणि गॅस बरोबर असता तर पाइप इतका थरथरलाच नसता. रबर काय कालच पडलं का? गॅस भरताना कुणी तरी तो क्लॅम्प ढिला करून पाइप बाजूला केला असेल, असाही संशय येतो मला. सिद्ध करता येणार नाही.

पुलीवाला
तुम्ही दोघं भांडा. मी इतरांसाठी एक लिहून ठेवतो, कारण हा धागा वाचून 'कॉम्प्रेसर कधी जातच नाही' असं कुणी समजेल. जातो. एसी लावल्यावर लोखंड दळल्यासारखी घरघर, आरपीएमबरोबर चढत जाणारी, आणि थंडावाही कमी होत चाललेला, असं असेल तर एसी तिथेच बंद करा आणि लावू नका. आतून सुटलेला धातूचा चुरा तेलाबरोबर सगळीकडे फिरतो. मग नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह बदलायचे, पाइप फ्लश करायचे, आणि हल्लीच्या बारीक नळ्यांच्या कंडेन्सरमधून चुरा धड निघत नाही म्हणून तोही बदलायचा. हे न केल्यामुळे नवा कॉम्प्रेसरही लगेच खराब होतो, आणि दोष 'डुप्लिकेट पार्ट'ला दिला जातो.

एसी बंद असतानाच खरखर असेल तर आधी नुसतं पुलीचं बेअरिंग मिळतं का विचारा. कित्येक कॉम्प्रेसरला ते वेगळं बसवता येतं, गॅस न काढता. आणि एसी लावताक्षणी पट्टा किंचाळत असेल तर थोडं पाणी पट्ट्याच्या खाचांवर फवारून बघा, हात लांब ठेवून. आवाज क्षणभर गेला आणि परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. उलट वाढला तर पट्टा घसरतोय, टेन्शनर बघा.

बिनपेट्रोल
आमच्याकडे इलेक्ट्रिक गाडी. ना पट्टा, ना पुली. फास्ट चार्जिंगला लावून आत बसलं की एसी बंद असतानाही पुढून घरघर आणि पंख्याचा मोठा आवाज येतो. दाखवायला हवी का?

पुलीवाला
तुमचा कॉम्प्रेसर स्वतःच्या मोटरवर चालतो आणि बऱ्याच गाड्यांत तोच बॅटरीही गार करतो. फास्ट चार्जिंगला बॅटरी तापते, म्हणून केबिनचा एसी बंद असला तरी तो पूर्ण जोरात चालू शकतो. चार्जिंग संपून थोड्या वेळाने शांत होत असेल तर नॉर्मल आहे. मात्र या गाडीवर या धाग्यातले घरगुती प्रयोग करू नका. नारिंगी वायर दिसली की हात मागे, तिथे शेकडो व्होल्ट असतात. गॅसचं कामही कुणाहीकडून नको. यात वीज न वाहणारं वेगळं तेल लागतं, नेहमीच्या एसीत वापरतात ते पॅग तेल गेलं तर इन्सुलेशन कमी होऊन गाडी फॉल्ट दाखवू शकते. आवाज नेहमीपेक्षा वेगळा वाटला तर मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्यातच बोलून ठेवा: चार्जिंग किती टक्के, बाहेर तापमान किती, एसी चालू की बंद. सर्व्हिसवाल्यांसमोर गाडी नेमकी गप्प बसते, तेव्हा हेच कामी येतं.